अमेरिकेत फ्लाइंग इन्स्ट्रक्टर म्हणून काम: तासांचा, व्हिसाचा आणि उजव्या सीटचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: भारतातून अमेरिकेत जाऊन सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट परवाना, करायचं, तिथेच सीएफआय म्हणजे परवानाधारक फ्लाइट इन्स्ट्रक्टर व्हायचं, विद्यार्थ्यांना शिकवत पगार घ्यायचा आणि १५०० तास पूर्ण करून एअरलाइनमध्ये शिरायचं. हे कितपत जमतं आणि प्रत्यक्ष काम कसं असतं?

शिकवण्याचं काम उत्तम आहे. विमान खऱ्या अर्थाने समजायला लागतं ते दुसऱ्याला शिकवतानाच. पण ‘शिकवत शिकवत १५०० तास’ ही वाट अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आखली गेली आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचं ३४०७ हे विमान कोसळून ५० माणसं गेली. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून तिथल्या प्रवासी एअरलाइनमध्ये को-पायलटलाही एटीपी हा एअरलाइनचा परवाना, म्हणजे साधारणपणे १५०० तास, लागू झाले. कमर्शियल परवाना सुमारे अडीचशे तासांवर हातात येतो. मधले साडेबाराशे तास भरायला बहुतेक तरुण इन्स्ट्रक्टर होतात. भारतीय विद्यार्थी त्याच रांगेत उभा राहतो, पण त्याच्या हातात व्हिसाचं घड्याळ असतं. म्हणून आधी ते घड्याळ बघा.

फ्लाइंग स्कूल तुम्हाला एम-१ किंवा एफ-१ व्हिसासाठी आय-२० हे प्रवेशाचं कागदपत्र देते. एम-१ हा व्यावसायिक प्रशिक्षणाचा व्हिसा. त्यावर शिक्षण संपल्यानंतर दर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, आणि जास्तीत जास्त सहा महिने, प्रॅक्टिकल ट्रेनिंग मिळतं. बारा महिने शिकलात तर तीन महिने काम. शिवाय अमेरिकेत असताना एम-१ चा एफ-१ करून घेता येत नाही, त्यामुळे ‘आधी जाऊ, मग बदलून घेऊ’ हा सल्ला देणाऱ्या एजंटला तिथेच थांबवा. एफ-१ या शैक्षणिक व्हिसावर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतरचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग, म्हणून बारा महिने काम करता येतं. पण एफ-१ देणारी प्रत्येक स्कूल ओपीटी देऊ शकतेच असं नाही, तेव्हा फी भरण्याआधी हे लेखी विचारा. चोवीस महिन्यांची वाढीव ओपीटी फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या पदवीला मिळते. नुसत्या परवान्यांच्या कोर्सला पदवी मिळत नाही, त्यामुळे ती वाढ तुमच्यासाठी नाही. विद्यापीठात एव्हिएशनची पदवी घेत असाल तर आय-२० वर छापलेला अभ्यासक्रमाचा सीआयपी क्रमांक त्या यादीत आहे का, ते बघा.

ओपीटीचा अर्ज कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून, संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. कामाच्या परवानगीच्या कार्डावर जी सुरुवातीची तारीख येते, तिथून बारा महिने मोजले जातात, तुम्ही शिकवत असा किंवा नसा. या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहिलात तर तुमचा दर्जा जातो. आठवड्याला किमान २० तास काम असेल तरच तो आठवडा कामाचा धरतात. नव्या इन्स्ट्रक्टरला पहिल्या महिन्यात दोनच विद्यार्थी मिळाले आणि त्यात हवामान आठवडाभर बिघडलं, तर हे २० तास भरणंसुद्धा अवघड जातं. ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, ऑफिसचं शेड्युलिंग असं सगळं काम करारात लिहून घ्या आणि प्रत्येक आठवड्याची नोंद स्वतःकडे ठेवा.

आता साधी आकडेमोड. बारा महिन्यांतला पहिला महिना स्कूलच्या स्टँडर्डायझेशनमध्ये आणि विद्यार्थी मिळण्यात जातो. पुढचे अकरा महिने सरासरी ६० तास धरले तर ६६० होतात. अडीचशेत मिळवले की नऊशेच्या थोडं वर. चांगल्या हवामानाच्या ठिकाणी, भरपूर विद्यार्थी असलेल्या स्कूलमध्ये महिन्याला ७५ ते ८० होतात, पण तेव्हाही १५०० ला हात लागत नाही. समजा लागला, तरी एअरलाइनला कामाचा कायमस्वरूपी हक्क असलेला माणूस हवा असतो. एच-१बी साठी नोकरीला विशिष्ट विषयातली पदवी अनिवार्य असावी लागते. इन्स्ट्रक्टरच्या नोकरीला ती लागत नाही, म्हणून तो रस्ता बहुतेकदा बंदच.

मग कशासाठी जायचं? भारतात परतताना २०० ऐवजी ८०० ते ९०० तास आणि त्यात शेकडो तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी आपल्यावर असतानाचे) हाताशी असणं, ही खरी मिळकत आहे. भारतात एटीपीएललाही, म्हणजे एटीपीच्या तोडीच्या परवान्यालाही, १५०० तासच लागतात, त्यामुळे पुढचा टप्पा जवळ येतो. एवढ्यासाठी जात असाल तर नियोजन जमतं. अमेरिकन एअरलाइनच्या आशेवर घर गहाण ठेवून जाऊ नका, हे कळकळीने सांगतो.

सीएफआयला वय १८, इन्स्ट्रुमेंट रेटिंगसह कमर्शियल परवाना, त्या वर्गाच्या विमानात किमान १५ तास पायलट-इन-कमांड, दोन लेखी परीक्षा, स्पिनचं (विमान गिरक्या घेत खाली येण्याचं) प्रशिक्षण झाल्याची सही म्हणजे एंडोर्समेंट, आणि चेकराइड म्हणजे परीक्षकासमोरची प्रात्यक्षिक परीक्षा, एवढं लागतं. लेखीपैकी एफओआय ही शिकवण्याच्या तत्त्वांची ५० प्रश्नांची, तर एफआयए ही विमानविद्येची १०० प्रश्नांची. दोन्हींत ७० टक्के हवेत. लेखी सोपी असते, माणसं अडकतात चेकराइडच्या तोंडी परीक्षेत. परीक्षक विद्यार्थी होऊन बसतो आणि म्हणतो, ‘मला लिफ्ट समजावून सांग.’ पुस्तकातली व्याख्या म्हटलीत की तो अजाण विद्यार्थ्यासारखं ‘म्हणजे काय?’ विचारतो, आणि तिथे पाठांतर संपतं. ही तोंडी अर्धा दिवस चालते. आधी किमान वीस-पंचवीस धडे फळ्यासमोर उभं राहून, मोठ्याने, कुणालातरी समोर बसवून शिकवून बघा. परीक्षकाची तारीख मिळायला काही भागांत अनेक आठवडे जातात. म्हणून सीएफआयची चेकराइड ओपीटी सुरू होण्याआधी उरकली पाहिजे, नाहीतर त्या ९० दिवसांतले दिवस परीक्षकाची वाट बघण्यात जातील. सीएफआयआय, म्हणजे इन्स्ट्रुमेंट शिकवण्याची मुभा, त्याच दमात घ्या. ती नसेल तर स्कूलमधले निम्मे विद्यार्थी तुमच्या कामाचे नाहीत. एमईआयला, म्हणजे मल्टी-इंजिन शिकवण्याच्या मुभेला, मल्टी-इंजिनमध्ये १५ तास कमांड लागते. ते महाग आहे, पण मल्टीचे तास दुसऱ्याच्या पैशाने मिळवायचा तोच एक मार्ग.

विद्यार्थी डावीकडे बसतो, इन्स्ट्रक्टर उजवीकडे. उजव्या सीटवर बसण्याची सवय व्हायला १० ते १५ तास धरा. डाव्या सीटवरून लँडिंग करणाऱ्याची नजर इतकी बसलेली असते की उजवीकडून तो स्पिनरचं, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या टोपीचं, टोक धावपट्टीच्या टोकाशी जुळवतो आणि विमान सरळ आहे असं समजतो. खरं तर डोळा मधल्या रेषेच्या उजवीकडे असतो, स्पिनर मध्यावर. ते दोन्ही धावपट्टीच्या रेषेत आणले की विमानाचं नाक उजवीकडे वळलेलं राहतं आणि चाकं तिरकी घासत टेकतात. विद्यार्थी डावीकडून हीच चूक उलट्या दिशेने करतो. उपाय एकच: आपल्या डोळ्यासमोर सरळ पुढे काउलिंगवर (इंजिनाच्या झाकणावर) एखादा रिव्हेट निवडायचा आणि तो दूरच्या टोकाशी जुळवायचा. विद्यार्थ्यालाही पहिल्याच दिवशी त्याच्या बाजूचा रिव्हेट दाखवून द्या. त्याचे पुढचे दहा लँडिंग वाचतात.

कंट्रोल कधी घ्यायचे, हा या कामाचा गाभा आहे. लवकर घेतले तर विद्यार्थी शिकत नाही, उशिरा घेतले तर नाकाचं चाक आणि प्रोपेलर जातो. सेसना १७२ मधली नेहमीची घटना घ्या: फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उशिरा होतो, विमान आपटून तीन-चार फूट उडतं, विद्यार्थी घाबरून योक (विमानाचं स्टिअरिंग) पुढे ढकलतो. पुढची आदळ नाकाच्या चाकावर होते, विमान आणखी उंच उडतं, आणि तिसऱ्या उडीला प्रोपेलर जमिनीला लागतो. थांबायची जागा पहिल्या आणि दुसऱ्या आदळीच्या मध्ये, जेमतेम एका सेकंदाची आहे. म्हणून फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरताना, तुमचा तळवा योकच्या पलीकडे, पॅनेलच्या बाजूला, बोटभर अंतरावर असावा, तो पुढे जाणार नाही एवढीच अडवणूक करायला. टाचा जमिनीवर, चवडे रडरजवळ. उडी लहान असेल तर नाक तिथेच धरून थोडी पॉवर द्या. मोठी असेल तर पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप २० अंशांवर, ६० नॉट आणि पुन्हा फेरी. ‘माय कंट्रोल्स’ हे शब्द मोठ्याने म्हणा आणि समोरून ‘युअर कंट्रोल्स’ ऐकल्याशिवाय समोरच्याने सोडलंय असं समजू नका. ‘मला वाटलं तुम्ही उडवताय’ या वाक्याने बरीच विमानं मोडली आहेत.

दुसरी जागा पॉवर-ऑन स्टॉल, म्हणजे पूर्ण पॉवरवर नाक वर असताना पंखांची उचल संपण्याचा सराव. नाक वर, पूर्ण पॉवर, विमान डावीकडे ओढतं, उजवा रडर कमी पडतो आणि डावा पंख खाली जातो. विद्यार्थी तो पंख एलेरॉनने, म्हणजे योक फिरवून, उचलायला जातो आणि स्पिन तिथून सुरू होतो. तुमचा उजवा पाय आधीपासून तयार हवा. परीक्षेच्या निकषानुसार एका इंजिनाच्या विमानात स्टॉलमधून सावरणं जमिनीपासून १५०० फुटांच्या वर पूर्ण व्हायला हवं. म्हणून सराव तीन हजारांवर सुरू करा, दोन हजारांवर नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांबद्दल एक गोष्ट. अमेरिकन मुलगा न कळल्यावर ‘नाही कळलं’ म्हणतो. आपला मुलगा ‘येस सर’ म्हणतो आणि ढगात गेल्यावर कळतं की काहीच पोचलेलं नाही. इंजिन सुरू करण्याआधी त्याच्याकडून आजचा धडा त्याच्या शब्दांत वदवून घ्या. हॉब्ज मीटर, म्हणजे विमान किती वेळ चाललं ते मोजणारं घड्याळ, फिरायला लागल्यावर प्रत्येक मिनिटाचे पैसे त्याच्या वडिलांच्या खिशातून जातात. विद्यार्थी मराठी असेल तर जमिनीवर खुशाल मराठीत समजावा, फायदाच होतो. कॉकपिटमध्ये मात्र फक्त इंग्रजी. घाबरलेल्या माणसाला ‘सोड’ आणि ‘ओढ’ हेडसेटमध्ये सारखेच ऐकू येतात.

उष्णता आणि वजन या दोन गोष्टी रोजच्या आहेत. फिनिक्सच्या डियर व्हॅली विमानतळाची उंची १,४७८ फूट. जूनमध्ये तिथे ४३ अंश सहज होतं. त्या उंचीला प्रमाण तापमान सुमारे १२ अंश, म्हणजे फरक ३१. दर अंशाला १२० फूट धरले की डेन्सिटी अल्टिट्यूड साधारण ५,२०० फूट येते. विमान जमिनीवर उभं आहे, पण इंजिनाला आणि पंखांना ते पाच हजार फुटांवर आहे. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे पाचची पाळी असते. फ्लोरिडात उलट अडचण: जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाटी ढग उभे राहतात, म्हणून सकाळच्या पाळीसाठी चढाओढ असते. शेड्युलमध्ये दुपारी चारची पाळी कायम तुमच्याच वाट्याला येत असेल, तर महिन्याचे पंधरा तास तिथेच गेले.

वजनाचं गणित बघा. १७२एस चं कमाल वजन २,५५० पौंड, रिकाम्या विमानाचं १,७०० च्या आसपास, म्हणजे हाताशी ८५०. मागे निरीक्षक म्हणून दुसरा विद्यार्थी बसवला, तिघे १८० पौंडांचे, तर ५४०. टाकी पूर्ण भरली तर वापरता येणारं ५३ गॅलन इंधन, सहा पौंडांनी ३१८. बेरीज ८५८. बॅगा न मोजताच विमान मर्यादेच्या वर गेलं. आदल्या पाळीच्या माणसाने टाकी काठोकाठ भरून ठेवली असेल तर निरीक्षकाला उतरवा. आधीच विचार केला असेल तर टाकीतल्या टॅबपर्यंत, म्हणजे ३५ गॅलन, इंधन भरायला सांगा. दोन तासांच्या धड्याला ते पुरून उरतं.

पैशाचं बोलू. पगार बहुतेक ठिकाणी तासावर असतो, आणि ‘तास’ म्हणजे हॉब्जवरचा तास आणि बिल झालेला ग्राउंडचा तास. बारा तास विमानतळावर असलात आणि पाच उडालात, दीड तास ब्रीफिंगचं बिल झालं, तर पैसे साडेसहा तासांचे. उदाहरणादाखल ताशी २५ डॉलर धरा: महिन्याला ७० तास उड्डाण आणि २५ तास ग्राउंड म्हणजे २,३७५ डॉलर, कर कापण्याआधी. त्यात खोलीचं भाडं, गाडी आणि गाडीचा विमा. गाडीशिवाय पहाटे पाचला विमानतळावर पोचता येत नाही. नियमाने सलग २४ तासांत आठ तासांपेक्षा जास्त उड्डाण शिकवता येत नाही, पण विमानतळावर किती तास थांबायचं याला मर्यादा नाही. थकवा तिथे साठतो. पाचव्या धड्याला तळवा योकपासून मांडीवर सरकतो, आणि त्या धड्याला नाही म्हणायची हिंमत ठेवा.

पगाराच्या पावतीवर एक ओळ न चुकता तपासा. एफ-१ किंवा एम-१ वरचा अनिवासी विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या कपातींपासून मुक्त असतो, ओपीटीच्या काळातही. लहान स्कूलच्या हिशेबनिसाला हे ठाऊक नसतं आणि कपात होत राहते. आधी मालकाकडे परत मागा, नाही दिली तर करखात्याकडे परताव्याचा फॉर्म ८४३ भरा. वर्षाअखेरीस १०४०-एनआर आणि ८८४३ हे अनिवासींचे कराचे फॉर्म भरायचे. भारत-अमेरिका करारानुसार भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातली सरसकट वजावटही, घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही.

सहीची जबाबदारी पगारापेक्षा मोठी असते. सोलोचं एंडोर्समेंट म्हणजे ‘हा एकटा जाऊन सुखरूप येईल’ असं तुमचं लेखी म्हणणं. ते त्या विशिष्ट मॉडेलपुरतं आणि ९० दिवसांपुरतंच चालतं. सोलो आणि परीक्षांसाठीच्या तुमच्या सह्यांची नोंद तीन वर्षं जपावी लागते. विद्यार्थ्याचे पैसे संपत आलेत, चीफ इन्स्ट्रक्टर विचारतोय, अशा दबावात सही करू नका. सोलोच्या आधी त्याला आठवणीने सांगा की तुम्ही उतरल्यावर विमान १८० पौंडांनी हलकं होतं, लवकर उचलतं आणि लँडिंगला लांबपर्यंत तरंगतं. परदेशी विद्यार्थ्याला मूळ परवाना, इन्स्ट्रुमेंट किंवा मल्टी-इंजिनचं प्रशिक्षण टीएसएच्या, म्हणजे अमेरिकन वाहतूक सुरक्षा खात्याच्या, मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. स्कूलने ‘कागद येताहेत’ म्हटलं तरी कागद बघितल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. विम्याबद्दल विचारा: पॉलिसी स्कूलला वाचवते की तुम्हालाही? अपघातानंतर विमा कंपनी नुकसान तुमच्याकडून वसूल करू शकते का? उत्तर गुळमुळीत असेल तर स्वतःची सीएफआय पॉलिसी घ्या. हवाई हद्दीत चुकून घुसणं असं काही झालं तर दहा दिवसांच्या आत नासाच्या एएसआरएस या हवाई सुरक्षा अहवाल-यंत्रणेकडे अहवाल पाठवा. चूक जाणूनबुजून केलेली नसेल तर त्याने दंडापासून संरक्षण मिळतं.

स्वतःचं उड्डाण गंजतं, हे नव्यांना पटत नाही. लॉगबुकात ६०० तास वाढतात, पण हात विद्यार्थ्याचे असतात. शिवाय तुमचा विद्यार्थी बाहेरचं दिसू न देणारा हुड घालून उपकरणांवर अप्रोच (धावपट्टीकडे उतरणं) करत असेल तर तो तुमच्या इन्स्ट्रुमेंट करन्सीत, म्हणजे परवाना चालू ठेवायला लागणाऱ्या सरावात, मोजला जात नाही. सहा महिन्यांत सहा अप्रोच आणि होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या) स्वतः उडवावे लागतात. महिन्यातून एकदा दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर सीट बदलून उडा.

परतीची तयारी जाण्याआधीच करायची असते. डीजीसीए या भारतीय विमान नियामकाचा कॉम्प्युटर नंबर (परीक्षार्थी क्रमांक), क्लास २ आणि मग क्लास १ मेडिकल, आणि जमल्यास लेखी परीक्षा भारतातूनच उरकून जा. सीपीएलसाठीचं क्लास १ चाळिशीच्या आत बारा महिनेच टिकतं, म्हणजे परतल्यावर पुन्हा करावंच लागेल. तो वेळ धरून ठेवा. भारतीय सीपीएलसाठी एकूण २०० तास आणि १०० तास कमांड लागते, पण लोक अडकतात ते कमांडच्या तासांपैकी १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावेत या अटीवर. ओपीटी संपल्यावर सहा महिने इकडेतिकडे घालवून अर्ज केला की ती मुदत हातची जाते आणि पुन्हा पैसे भरून उडावं लागतं. दोघा पायलटनी एकाच उड्डाणाचे तास कमांड म्हणून लिहिले असतील, जसं सेफ्टी पायलटच्या (हुड घातलेल्याच्या शेजारी बसून बाहेर नजर ठेवणाऱ्याच्या) तासांत होतं, तर भारतात त्यावर हरकत येते. ते तास पहिल्यापासून वेगळ्या रकान्यात लिहा. अमेरिकन सीएफआयवर भारतात शिकवता येत नाही. बारामतीत किंवा गोंदियात इन्स्ट्रक्टर व्हायचं असेल तर भारतीय परवान्यावर डीजीसीएचं वेगळं रेटिंग लागतं.

आणि लॉगबुक. अमेरिकेत शिक्का मारण्याची पद्धत नाही, तिथे सही पुरते. आपल्याकडे प्रमाणित पानं मागतात. स्कूल सोडण्याच्या शेवटच्या आठवड्यात चीफ इन्स्ट्रक्टरकडून प्रत्येक पानाच्या बेरजेखाली सही, परवाना क्रमांक आणि स्कूलचा शिक्का घ्या. सोबत लेटरहेडवर विमानाच्या प्रकारानुसार तासांचं पत्र घ्या. वर्षभराने ईमेल करून हे मागाल, तेव्हा तो चीफ इन्स्ट्रक्टर एखाद्या एअरलाइनमध्ये गेलेला असतो.